गाण्याचा धनी

ग्रामोफोनच्या तबकड्या आता घराघरातून गेल्या. तरी एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर, पितळेच्या समईशेजारी, पाचपन्नास तबकड्यांची चळत अजून सापडते आणि दिवाळीच्या झाडलोटीत ती खाली उतरते. अशी एखादी तबकडी हाती आली, तर तिच्या मधोमध चिकटवलेला गोल कागद अवश्य वाचावा. एवढ्याशा जागेत सिनेमाचे नाव, गाणाराचे नाव, चाल लावणाराचे नाव, शब्द रचणाराचे नाव आणि कंपनीचे चित्र, एवढी मंडळी दाटीवाटीने बसलेली असतात. लग्नाच्या पंगतीत कोणाला कोठे बसवावे यावरून जसे मानापमान होतात, तसे या कागदावरही होत असावेत अशी मला नेहमी शंका येते. पण कागद वाचून झाल्यावरही एक प्रश्न उरतोच : हे गाणे नक्की कोणाचे?

मी हा प्रश्न एका विशिष्ट गाण्यापुरता विचारते आहे. 'अरे संसार संसार' हे ते गाणे. ते ज्याच्या कानावरून गेले नाही असा मराठी माणूस मिळणे कठीण. कोणी म्हणेल, ते सुमन कल्याणपूर यांचे. कोणी म्हणेल, 'मानिनी' सिनेमातले. जाणकार वसंत पवारांचे नाव घेतील. शाळेतली मुले छातीठोकपणे 'बहिणाबाई चौधरी' म्हणून सांगतील, कारण कवितेखाली नाव लिहिण्याला मार्क असतात. यातले कोणतेच उत्तर खोटे नाही. आणि तरीही, एखाद्या शेताच्या उताऱ्यावर चार नावे लागली म्हणजे धनी कोण हे जसे तलाठ्यालाही सांगता येत नाही, तशी या गाण्याची गत झाली आहे.

बहिणाबाईंचा जन्म 24 ऑगस्ट 1880 चा, जळगावजवळच्या असोद्याचा. त्या महाजनांच्या लेक. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरींच्या घरात आल्या आणि तिशीतच वैधव्य आले. पदरात मुले, अंगावर शेतीचे काम, आणि अक्षरओळख मुळीच नाही. 3 डिसेंबर 1951 रोजी त्या गेल्या तेव्हा त्यांच्या नावावर एकही छापील पुस्तक नव्हते. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. 2018 साली ते दिले गेले. ज्या बाईला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, तिच्या नावाची मोहोर आता पदव्यांच्या कागदावर उमटते. यावर लोक फार टाळ्या वाजवतात. मला मात्र त्यात टाळ्यांपेक्षा विचार करण्याजोगे अधिक दिसते.

त्यांच्या गाण्याचा जन्म कसा झाला हे समजून घ्यायचे तर जाते समजून घेतले पाहिजे. आमच्या भागात जात्याला 'घरोट' म्हणतात. पहाटे उठायचे, घरोटापाशी बसायचे, एक पाय पसरायचा, खुंटा धरायचा आणि मुठीमुठीने दाणे सोडत दळत राहायचे. हे काम हाताचे आहे तितकेच श्वासाचे आहे. नुसता हात चालवला तर खांदा लवकर दुखतो. तोंडाने ओवी असली म्हणजे हाताला ठेका मिळतो आणि ओझे निम्मे होते. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. संगीताचे शास्त्र मला येत नाही. पण मुलांना कविता शिकवताना अक्षरे मोजायची सवय हाताला लागली आहे. 'अरे संसार संसार' ही अक्षरे बोटांवर मोजून पाहा. आठ भरतात. 'अरे खोप्यामधी खोपा' मोजा. आठ. 'मन वढाय वढाय', पुन्हा आठच. हे आठ अक्षरांचे माप कोणा छंदशास्त्र्याने बहिणाबाईंना दिले नाही. बायकांच्या ओव्यांतून ते पिढ्यान्पिढ्या हातावर बसलेले होते. म्हणजे गाण्याचे शब्द त्यांचे, पण गाण्याचे हाड त्यांच्या आधीच्या असंख्य बायकांनी घडवलेले. धनीपणाचा पहिला गुंता येथेच सुरू होतो.

दुसरा गुंता वहीचा. त्यांचे चिरंजीव सोपानदेव चौधरी हे स्वतः नावाजलेले कवी. त्यांच्या शाळकरी वयातली एक हकीकत सांगतात. सोपानदेवांनी क्रमिक पुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट आईला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी पाहतात तर आईने ती गोष्ट गाण्यात बसवलेली! मुलगा थक्क झाला आणि त्याने ते गाणे वहीत उतरवून घेतले. पुढे सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी मिळून जमेल तेवढी गाणी लिहून ठेवली. मला मास्तरीण म्हणून या हकीकतीत फार गंमत वाटते. शाळेच्या पुस्तकातली गोष्ट घरोटापाशी गेली, घरोटापासून वहीत आली, वहीतून छापखान्यात, आणि छापखान्यातून पुन्हा शाळेच्या पुस्तकात. एवढी प्रदक्षिणा तर आमच्या तालुक्यातली एस्.टी. देखील घालत नाही.

आई गेल्यानंतर ही वही सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांनी ते सोने बावनकशी असल्याचे एका क्षणात ओळखले, आणि ते महाराष्ट्रापासून दडवून ठेवणे हा गुन्हा होईल असा निवाडा दिला. 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. पुस्तक लहान, पस्तिसाच्या आसपास कविता. उभ्या आयुष्याच्या पहाटांतून एवढ्याच वेचल्या गेल्या. बाकीच्या पिठाबरोबर गेल्या. त्या पिठाच्या भाकरी खाऊन लोक शेतावर गेले.

येथे एक बोचरा प्रश्न आहे आणि तो टाळणे बरे नव्हे. लिहून घेणारा मुलगा स्वतः कवी होता. आईच्या तोंडची ओळ वहीवर उतरताना त्याच्या लेखणीचा धक्का तिला लागलाच नसेल काय? एखादा शब्द घोळून, एखादे कडवे मागेपुढे होऊन? याचा निकाल लावण्याचे साधन आज कोणाहीपाशी नाही. आपल्यापर्यंत अक्षरे आली, आवाज आला नाही. पण मला वाटते, हा प्रश्न विचारणारे लोक एक गोष्ट धरून चालतात की वहीच्या आधी गाण्याचे एकच एक खरे रूप होते. घरोटापाशी बसलेल्या बाईला तसे काही ठाऊक नसते. आज ज्वारी असेल तर दळण लवकर संपते, गाणे दोन कडव्यांत आटोपते. उद्या पाहुणे यायचे असतील तर दळण मोठे, आणि गाण्याला आणखी दोन कडवी फुटतात. आज लेकीची आठवण असेल तर एक शब्द पडतो, उद्या पावसाची काळजी असेल तर दुसरा. वहीने गाण्याचे नुकसान केले असेल तर ते हे, की तिने त्याला एका सकाळी थांबवले. आणि उपकार केला असेल तर तोही हाच. थांबवले नसते तर तेही पिठाबरोबर गेले असते.

1961 साली अनंत माने यांचा 'मानिनी' हा सिनेमा आला. वसंत पवारांनी त्यात बहिणाबाईंची गाणी चालीत बसवली. 'अरे संसार संसार' सुमन कल्याणपूर गायल्या, 'अरे खोप्यामधी खोपा' आशा भोसले गायल्या. याच माने-पवार जोडीने त्याआधी दोनच वर्षांपूर्वी 'सांगत्ये ऐका' गाजवला होता. ज्या हातांनी लावणीला चाल दिली त्यांनीच ओवीला चाल द्यावी, आणि दोन्ही त्या त्या जागी शोभून दिसाव्यात, हे साधे काम नव्हे. पवारांनी ओवीचा भोळेपणा जपला असे मी म्हणेन. वाद्ये आली, पण ती शब्दांच्या अंगावर धावून आली नाहीत. पुढे यशवंत देवांनी बहिणाबाईंच्या अनेक गाण्यांना चाली दिल्या आणि त्या उत्तरा केळकरांच्या आवाजात घरोघर पोचल्या. शिवाय दर शाळेत दर मास्तराची एक चाल असते, ती वेगळीच. पण एकदा तबकडी निघाली की तीच मूळ चाल ठरते आणि बाकीच्या साऱ्या नकला. बहिणाबाईंच्या तोंडी कोणती चाल होती हे कोणी विचारीत नाही, आणि आता विचारून उपयोगही नाही.

हा गुंता आपल्याकडचाच आहे असे मात्र नाही. पुण्याला शिकणाऱ्या माझ्या भाच्याला इंग्रजी रॉक गाण्यांचे वेड आहे. सुट्टीत सावद्याला आला की कानांत बोंडे घालून केळीच्या बागेत हिंडत असतो. त्याने एकदा आपल्या मोबाइलवर मला 'हाउस ऑफ द रायझिंग सन' हे गाणे ऐकवले आणि त्याचा इतिहासही सांगितला. तो मी मग पुस्तकांतून पडताळून घेतला. गाणे गाजवले ते इंग्लंडातल्या न्यूकॅसलच्या 'ॲनिमल्स' नावाच्या पाच पोरांनी, 1964 साली. एका दमात ध्वनिमुद्रण झाले आणि इंग्लंड-अमेरिका दोन्हीकडे ते पहिल्या क्रमांकावर गेले. पण गाणे त्यांचे नव्हे. त्याआधी बॉब डिलनने ते आपल्या पहिल्या तबकडीत, 1962 साली, घातले होते. त्याच्याही आधी, 1933 मध्ये, क्लॅरेन्स ॲशली आणि ग्वेन फॉस्टर या दोघांनी त्याची तबकडी काढली होती. आणि 1937 साली ॲलन लोमॅक्स नावाचा एक तरुण ध्वनिमुद्रणाचे यंत्र मोटारीत घालून केंटकी प्रांतातल्या डोंगरी मुलखात हिंडत होता, लोकगीते गोळा करीत. मिडल्सबरो नावाच्या, कोळशाच्या खाणींच्या गावी जॉर्जिया टर्नर नावाच्या सोळा वर्षांच्या एका गरीब मुलीने त्याला हे गाणे म्हणून दाखवले. तिने ते रचलेले नव्हते. तिच्याही आधीचे ते होते. मूळ रचणारा कोण, हे कोणालाच ठाऊक नाही.

आता या दोघींना शेजारी बसवून पाहा. जॉर्जिया टर्नरचा आवाज यंत्राने पकडला, तो आजही ऐकता येतो. पण गाणे जगभर झाले तेव्हा तिचे नाव मागेच राहिले. लोमॅक्सने आपल्या पुस्तकात ते छापले होते, पण तबकडी विकत घेणाऱ्या पोरांपैकी पुस्तक उघडतो कोण? 'ॲनिमल्स'च्या तबकडीवर गाणे पारंपरिक म्हणून नोंदले गेले आणि मांडणी करणारा म्हणून पाचांपैकी फक्त ऑर्गन वाजवणाऱ्या ॲलन प्राइसचे नाव लागले. त्या नावाबरोबर जायचे ते पैसेही त्याच्याकडेच गेले, आणि उरलेल्या चौघांचा जळफळाट झाला. खाणीच्या गावातल्या मुलीच्या वाट्याला फार थोडे आले. बहिणाबाईंचे नेमके उलट. त्यांचा आवाज गेला, पण नाव राहिले. ते का राहिले? घरात लिहिणारा मुलगा होता म्हणून. आमच्या तापीकाठच्या दुसऱ्या हजार बायकांच्या घरी तो नव्हता, एवढाच फरक.

त्या इंग्रजी गाण्यात आणखी एक गोष्ट घडली, आणि माझे सारे म्हणणे तिच्याभोवती आहे. जॉर्जिया टर्नरच्या तोंडी ते गाणे एका बिघडलेल्या मुलीचे आहे. न्यू ऑर्लिन्समधल्या एका घराने तिच्या जन्माचे मातेरे केले आहे आणि आपल्या धाकट्या बहिणीने तरी तो रस्ता धरू नये म्हणून ती तळमळते आहे. डिलननेही ते मुलीच्याच तोंडी ठेवले. 'ॲनिमल्स'नी तेथे मुलगा घातला. एवढा एक शब्द बदलला आणि ते घर वेश्यावस्तीऐवजी जुगाराचा अड्डा वाटू लागले. मुलीची शरम गेली, पोराची मस्तीखोर हळहळ उरली. गाणे बिघडले असे नाही. भाच्याला विचाराल तर तो म्हणेल, तेव्हाच ते उभे राहिले. पण ती मुलगी त्यातून निघून गेली.

आपल्या गाण्यात तर एक शब्दही बदलावा लागला नाही.

बहिणाबाई घरोटापाशी संसाराचे गाणे म्हणत तेव्हा ऐकणारे कोण होते? पहाटेची वेळ, घर झोपलेले. गाणारी आणि ऐकणारी एकच. चुलीवरचा तवा, तव्यापाशी पोळलेली बोटे, आणि त्यातून मिळणारा घास, हे सारे ती बाई स्वतःला सांगत होती. तिशीत कुंकू पुसले गेलेली, मुले वाढवणारी, शेत करणारी बाई आपल्या जगण्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहते आणि म्हणते, हे असे आहे. ती साक्ष आहे. कोर्टात शपथेवर देतात तशी.

आता आमच्याकडच्या एखाद्या लग्नाला चला. कार्यालयाच्या दारात केळीचे खांब, आत ध्वनिक्षेपक, आणि वधूची पाठवणी व्हायच्या सुमारास तेच गाणे लागते. सासरची वडीलधारी माणसे समाधानाने माना डोलावतात. नव्या सुनेकडे कौतुकाने पाहतात. शब्द तेच, चाल वसंत पवारांचीच, आवाजही सुमनताईंचाच. पण बाईने स्वतःविषयी सांगितलेले आता दुसऱ्या बाईला सांगितले जात असते. 'मी सोसले' याचे 'तू सोस' झालेले असते. साक्षीचा हुकूमनामा झाला, आणि कोणालाही काही बदलल्यासारखे वाटले नाही.

चालीची अदलाबदल, वाद्यांची भर, बोलीचा एखादा उच्चार इकडेतिकडे, यांविषयी आपले रसिक फार हळवे असतात. नव्या पोरांनी जुन्या गाण्याला ढोलताशा लावला की वर्तमानपत्रांत पत्रे येतात. मला त्या ढोलताशाचे फारसे वाटत नाही. ओवीने दहा चाली पाहिल्या, अकरावी पाहील. नको असेल तर लोक ती विसरतील. पण गाणे कोणी कोणाला उद्देशून म्हणायचे, ही अदलाबदल कानाला कळत नाही, आणि म्हणूनच तीच खरी जोखमीची. भाजलेल्या माणसाने आपला हात दाखवावा आणि आपण तो दुसऱ्याला दाखवून म्हणावे, "पाहा, तुझाही असाच भाजायचा आहे बरे!" यात मूळ हाताचा मान राहिला असे कसे म्हणावे?

कायदा या बाबतीत काही बोलत नाही, आणि बोलूही शकत नाही. आपल्याकडचा 1957 चा लेखनहक्काचा कायदा असा आहे की कवीच्या हयातीत प्रसिद्ध न झालेले लेखन त्याच्यामागे प्रसिद्ध झाले, तर त्या वर्षानंतर साठ वर्षे त्याच्यावर हक्क चालतो. 1952 च्या पुस्तकातल्या कवितांची ती मुदत 2012 च्या अखेरीस सरली. तेव्हापासून त्यांचे शब्द कोणीही छापावेत, कोणीही गावेत, कोणाची परवानगी नको की कोणाला छदाम द्यायला नको. मला हे योग्यच वाटते. विहीर एकदा गावाला दिली की पोहऱ्याला कुलूप लावू नये. पण परवानगी नको म्हणजे विचारही नको असे नाही. उलट, कायदा बाजूला झाला की मगच माणसाच्या रीतीभातीची परीक्षा सुरू होते.

माझ्या म्हणण्याला विरोधही आहे, आणि तो कोणा पंडिताचा नाही. आमच्या आळीत एक बाई आहेत. नवरा ऐन उमेदीत गेला. केळीचे घड वाहण्याच्या कामावर जाऊन त्यांनी दोन मुले वाढवली. आकाशवाणीच्या जळगाव केंद्रावर हे गाणे लागले की हातातले काम ठेवून त्या उंबऱ्यावर बसत. मी एकदा त्यांच्याशी याच विषयावर बोलत होते. लग्नात ते गाणे वाजवणे मला कसे रुचत नाही ते सांगत होते. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "बाई, माझ्या लग्नातबी तेच लावेल होतं. तवा कुठं कळलं? पुढं मालक गेले, तवा कळलं. ते गानं माझंच हाये."

यावर मला चटकन उत्तर सुचले नाही. नंतर विचार केला. त्यांना ते गाणे हुकूम म्हणूनच मिळाले होते, पण त्यांनी ते हुकूम म्हणून ठेवले नाही. वीस वर्षे घड वाहून त्यांनी त्याची पुन्हा साक्ष केली. म्हणजे एकदा हाती आलेले गाणे उलटे फिरवण्याची ताकद ऐकणाराच्या अंगी असते. पण त्यासाठी त्यांना काय मोजावे लागले, हे पाहिले की लग्नातल्या ध्वनिक्षेपकाला मी माफ करू शकत नाही.

आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात. लिंबाला झोके बांधतात आणि झोक्यावर बायका गाणी म्हणतात. त्या गाण्यांचा धनी कोणी विचारीत नाही. एकीने सुरू करायचे, दुसरीने कडवे जोडायचे, तिसरीने त्यात आपल्या सासूचे नाव घालून सगळ्यांना हसवायचे. वर्षभर जे बोलता येत नाही ते झोक्यावर बोलून घ्यायचे. तेथे गाणे जिची पाळी तिचे. माझी आजी अशा गाण्यांची खाणच होती. मी प्राथमिक शाळेत असताना बहिणाबाईंची कविता पाठ करून तिला म्हणून दाखवली, तेव्हा तिला कवयित्रीचे नावही ठाऊक नव्हते. तिने दोनदा ऐकली आणि तिसऱ्यांदा आपल्या घरोटाच्या चालीवर म्हणू लागली. पुस्तकातला एक शब्द तिने सरळ बदलला. मी म्हटले, "आजी, पुस्तकात असं नाही." ती म्हणाली, "पुस्तकाले काय ठावं, इथं दयन मी दयते!" 'दळण'चे 'दयन', 'शाळा'ची 'शाया', 'केळी'ची 'केयी', ळ हे अक्षर आमच्या लेवा बोलीत जिभेवर टिकत नाही.

या बोलीचेही एक दुखणे येथे सांगितले पाहिजे. आमच्या मुलांनी वर्गात 'शाया' म्हटले की शहरातून बदलून आलेले पाहुणे हसतात. मुलेही मग एकमेकांना हसू लागतात, आणि चौथी-पाचवीपर्यंत ळ घोटून घोटून पक्का करतात. मग एक दिवस क्रमिक पुस्तकात बहिणाबाईंची कविता येते, आणि तीच बोली, तेच य, छापील अक्षरांत, खाली शब्दार्थ देऊन! त्या दिवशी वर्गात एक विचित्र शांतता पसरते. ज्याने घरचा शब्द कालपर्यंत लपवला तो पोर आज शब्दार्थ न पाहता अर्थ सांगतो. मी वर्गात दोन्ही चालू देते. परीक्षेत ळ लिहा, कविता म्हणताना य म्हणा. पण बोलीचे कौतुक कवितेपुरते आणि बोलणाराला हसू बारा महिने, हेही गाण्याच्या धन्याला दाराबाहेर उभे करून गाणे तेवढे घरात घेण्यासारखेच आहे.

मग गाणाराने करावे तरी काय? बहिणाबाईंची मूळ चाल शोधून काढता येणार नाही. घरोट फिरवल्याशिवाय गाऊ नये असे म्हणावे, तर मीही गिरणीतूनच दळण आणते. नाव घ्यावे, हे तर झालेच. निवेदकाने 'एक लोकप्रिय गीत' एवढे म्हणून सुरुवात केली की मला त्याच्या हातातून ध्वनिक्षेपक काढून घ्यावासा वाटतो. पण नाव घेऊन काम भागत नाही. आपण हे कोणाला ऐकवतो आहोत, आणि त्याला ऐकवण्याचा आपल्याला काय अधिकार, एवढे गाण्याआधी मनाशी विचारावे. ज्याचा हात कधी चुलीपाशी गेला नाही त्याने हे गाणे गाऊच नये असे मी म्हणत नाही. त्याने ते गावे, पण सांगणाराच्या आवाजात नव्हे, ऐकून आलेल्याच्या आवाजात. आशाबाई किंवा सुमनताई मोठ्या झाल्या त्या गळ्याने, हे तर खरेच. पण परकाया प्रवेश ही त्यांची मूळ विद्या. त्या गातात तेव्हा बाई स्वतःशी बोलते आहे असे वाटते. आपल्याला कोणी उपदेश करते आहे असे वाटत नाही. तबकडी निर्दोष आहे. ती कोठे लावायची हे आपण ठरवतो.

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात सातवीच्या मुलींना हेच गाणे बसवायचे होते. त्यांनी हार्मोनियम ठरवली, ढोलकी ठरवली, एकसारख्या नऊवारी साड्याही कोणाकोणाकडून मागून आणल्या. मी एवढेच विचारले, "पोरींनो, तुम्ही हे म्हणणार कोणाला?" एक म्हणाली, प्रेक्षकांना. दुसरी म्हणाली, बाई, समोर पाहुणे असणार, त्यांना. तिसरी बराच वेळ गप्प होती. तिची आजी अजून सणावारी पुरणाची डाळ घरोटावर भरडते. ती म्हणाली, "घरोटाशी दोघी बसल्या की एकमेकींकडं पाहातात, बाई. लोकांकडं नाही." मग त्यांनी तसेच केले. रंगमंचावर दोन-दोन मुली समोरासमोर बसल्या, मध्ये लाकडी पाट ठेवला, त्यावर मूठ फिरवीत खालच्या आवाजात गायल्या. हार्मोनियम वगळली. प्रेक्षकांकडे एकीनेही पाहिले नाही. मागच्या रांगांना काही ऐकू आले नाही, आणि दुसऱ्या दिवशी एका पालकांनी शाळेत येऊन तशी तक्रारही नोंदवली. पुढच्या रांगेत बसलेल्या बायका मात्र गाणे संपल्यावर टाळ्या वाजवायला विसरल्या. यंदा मुलींनी 'खोप्यामधी खोपा' घेतले आहे, आणि ते सुगरणीचे गाणे कोणाला उद्देशून म्हणायचे यावर त्यांचे दोन तट पडले आहेत.